वसीलाचं नाक

आमच्या गल्लीत वसीलाच्या नाकाला जो मान होता, तो मशिदीतल्या घड्याळालाही नव्हता. घड्याळ मागे पडायचं, लोक कुरकुरायचे. वसीलाच्या नाकाबद्दल कुरकुरायची कुणाची छाती नव्हती. मी तिचा नवरा खमैस, मातीची भांडी घडवण्यात हयात घालवलेला माणूस. घरात माझ्या मताला कुणी विचारत नाही, पण बाजारात गेलो की वसीलाचा नवरा म्हणून लोक बसायला स्टूल पुढे करतात. मी बसतो. मानाचं काय, कुठल्याही दारानं आला तरी घ्यावा.

वसंतात कडू नारिंगाची झाडं फुलली की आमच्या नाबुल गावात घराघरातून अर्क काढायचे तांब्याचे कत्तार बाहेर निघतात. ज्यांच्याकडे कत्तार नाही किंवा अंगण नाही, त्या बायका आमच्याकडे येतात, कारण माझ्या आईचा कत्तार गल्लीत सगळ्यात मोठा. खालच्या हंड्यात फुलं आणि पाणी, त्यावर टोपण, सांध्याला थापलेली कणीक, टोपणावर गार पाणी, आणि खाली ऑलिव्हच्या लाकडांचा जाळ. वाफ वर जाते, गार होते आणि तोटीतून थेंब थेंब बाटलीत पडते.

पहिल्या बाटलीत येतं ते खरं फुलपाणी. ते बकलाव्यात पडतं, कॉफीत पडतं, नवरीबरोबर सासरी जातं. नंतर येतं ते पातळ. ते तापात कपाळावर ठेवायला, फरशी पुसायला आणि ज्या पाहुण्यांवर फारसा जीव नाही त्यांच्या अंगावर शिंपडायला. आता पहिलं कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे बाटली काही सांगत नाही. एखाद्या वर्षी पाऊस जास्त, एखाद्या वर्षी वारा. दर घमेल्यातली फुलं वेगळी. म्हणून कुणीतरी तोटीपाशी बसून, थेंब तळहातावर घेऊन, हुंगून म्हणावं लागतं, "उचला." हे म्हणणारी वसीला. तिनं म्हटलं की पहिली बाटली बाजूला व्हायची आणि दुसरी लागायची.

वसीला "उचला" म्हणाली की शेजारची बेया म्हणायची, "लवकर उचललीस." नाहीतर म्हणायची, "उशीर केलास." दोघी एका वयाच्या, एका शाळेतल्या, मधे एकच भिंत. बेयाच्या मते तोटीपाशी बसायचा हक्क तिचा होता आणि वसीलानं तो केवळ कत्तार सासूचा म्हणून लाटला होता. तिचं हे म्हणणं इतकी वर्षं चालू होतं की आता ते कुणाच्या कानावरही पडत नसे.

गेल्या वर्षी बेयाचा भाचा ट्युनिसहून आला होता. तो रसायनशास्त्र शिकतो. अंगणाच्या दारात उभा राहून तो सांगू लागला की या सुगंधाचं मुख्य द्रव्य लिनालूल, ते फुलात आपोआप तयार होतं, आणि शास्त्राच्या भाषेत त्याची जात अल्कोहोलची. बायकांनी हातातली फुलं खाली ठेवली. मग वसीला म्हणाली, "म्हणजे तू पाळण्यात असल्यापासून पितोयस म्हण की. बेया, सांभाळ गं याला." पोरगं जे पळालं ते थेट बस स्टँडवर. त्या दिवशी बेयासुद्धा पोट धरून हसली होती.

तर या वर्षीची गोष्ट. झाडांवर कळ्या धरल्या होत्या, अजून उमलायच्या होत्या. सकाळी वसीलानं कॉफी आणून ठेवली. मी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. कॉफीत अतरशियाचं पाणी.

अतरशिया म्हणजे ती गुलाबी फुलांची, सुगंधी पानांची कुंडीतली झाडं. त्यांचंही पाणी आम्ही काढतो, पण ते खिरीत घालतात, पाकात घालतात. कॉफीत नारिंगाच्या फुलाचंच पाणी. नाबुलचा माणूस यात चुकत नाही. दोन्ही बाटल्या अगदी सारख्या असतात, बाहेरून गवत विणलेल्या, त्यांच्यावर नावही नसतं, कारण ते लागतच नाही. बूच काढलं की आंधळ्यालाही कळतं.

"कशाचा राग काढतेयस?" मी विचारलं.

"कसला राग?"

"कॉफीत अतरशिया घातलंस ते. कालच्या माशावरून असेल तर मी मासा वाईट म्हणालो नव्हतो. कोरडा म्हणालो होतो."

एरवी यावर मला अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं असतं. वसीलानं माझा पेला उचलला, नाकाशी धरला, बराच वेळ धरला आणि खाली ठेवला. मग स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली.

"मला वास येत नाही, खमैस," ती म्हणाली. "हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून. कशाचाच नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, येईल परत. डॉक्टरकडेही जाऊन आले, तुला न सांगता. तो म्हणतो, येईलही, नाहीही येणार. अशा सांगण्याचे पैसे कसले घेतात हे लोक?" तिनं ओढणीनं नाक पुसलं. "काल फुलबाजारातून आले. लवकरची फुलं आलीत. पांढरे ढीगच्या ढीग. मी मधे उभी राहिले आणि कुणी कागद फाडून ढीग लावलेत असं वाटलं."

वसीला रडकी बाई नाही. तिला असं पायरीवर बसलेलं बघवेना, म्हणून मी उठून तिच्या शेजारी बसलो आणि ती अतरशियाची कॉफी सगळी प्यायलो. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

"बायकांना सांगून टाक," मी म्हणालो.

"सांगते. मग उद्यापासून मला भिंतीशी बसवतील आणि मांडीवर फुलं निवडायला देतील. वर मानानं म्हणतील, लल्ला वसीला, तुम्ही दमू नका हं. आणि तोटीपाशी बेया. तिच्या तोंडून 'उचला' ऐकत बसू? त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा काय?"

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं, गाढव विकत घेताना पाहतात तसं. "तुझं नाक मला दे," ती म्हणाली.

माझं नाक म्हणजे काय, ते मीच जाणे. भट्टीचा धूर, माती आणि तंबाखू, यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं. पहिली अट तंबाखू बंद. माझ्या सिगारेटी तिनं कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपरावर टाकल्या, म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला चढता येणार नाही अशा जागी. मग रोज सकाळी माझ्या डोळ्यांना रुमाल बांधून परीक्षा.

"हे काय?"

"पाणी."

"खमैस, हा व्हिनेगर आहे."

"तुला काय माहीत?"

"मीच ओतलाय. हे?"

"हे... हे गोड आहे. फुलपाणी."

"साबण."

पण तंबाखू सुटून काही दिवस गेले आणि माझं नाक जागं झालं. देवा, या गावाला काय काय वास येतात. बेयाच्या घरच्या मिरचीचा वास मला आमच्या बिछान्यात येऊ लागला. माझ्या स्वतःच्या बुटांची मला लाज वाटू लागली. आणि एका सकाळी खिडकी उघडली तर नारिंगाची फुलं. इतकी वर्षं मी या वासात राहिलो होतो आणि तो मला कधी नीट भेटलाच नव्हता. मी वसीलाला हाक मारणार होतो. मग आठवलं, आणि खिडकी लावून घेतली.

पुढची अडचण अंगणाची. कत्तार चालू असताना पुरुषाला अंगणात जागा नाही. तंबाखूचा वास पाण्याला लागतो म्हणतात. खरं कारण असं की त्या वेळी बायका जे बोलतात ते आम्ही ऐकू नये. तेव्हा माझी पाठ दुखायला लागली. डॉक्टरनं उन्हात बसायला सांगितलं आणि ऊन फक्त आमच्या अंगणातल्या लिंबाखालीच पडत होतं. मी तिथे बाज टाकून, कटोऱ्यांवर निळी नक्षी काढत बसू लागलो. वसीला तळहातावर थेंब घेई, स्वतः हुंगल्यासारखं करी, मग उगाच हात झटकून दुसरा थेंब एका वाटीत धरी आणि माझ्या बाजेवर ठेवी.

"हे काय गं नवीन?" बेयानं विचारलं.

"त्याच्या पाठीला चोळायला."

"फुलपाण्यानं पाठ बरी होते?"

"नवरा गप्प बसतो. तेवढं पुरे."

मी वाटी हुंगायची आणि वेळ आली की खोकायचं, ही आमची खूण. जन्मभर सिगारेटी ओढलेल्या माणसाला खोकल्याची खूण द्यावी, यावरून तुम्हाला आमच्या दोघांच्या अकलेचा अंदाज येईल. तरी पहिली काही घमेली बिनबोभाट पार पडली. मी खोकलो, वसीला "उचला" म्हणाली, बेया "उशीर केलास" म्हणाली. सगळं नेहमीसारखं. वसीला पुन्हा ताठ चालू लागली होती. रात्री जेवताना ती मला मासा आधी वाढायची.

मग अल्जियाची पाळी आली. अल्जिया समोरच्या घरातली, गरीब स्वभावाची. उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न. बकलावा, बदामाची मिठाई, नवरीच्या ताटात ठेवायची बाटली, सगळं याच एका मापातून निघायचं होतं. तिनं बागवान मुरादकडून फुलं घेतली होती, पहाटे तोडलेली, पाकळीला डाग नाही. म्हातारा स्वतः डोक्यावर घमेलं घेऊन पोचवून गेला आणि मुलीला आशीर्वादही देऊन गेला.

कत्तार चढला. तोटीतून धार लागली. तिथे नसलेल्या नवरदेवाच्या आईवर बायका तुटून पडल्या होत्या. मी बाजेवर कान आणि नाक दोन्ही उघडे ठेवून बसलो होतो. पाणी अजून गच्च होतं, वाटी नाकाशी नेली की डोळ्यात पाणी यावं इतकं. बराच वेळ होता. तेवढ्यात वारा फिरला आणि जाळाचा सगळा धूर थेट माझ्या तोंडावर आला. मी श्वास रोखला. लाल व्हावं तेवढा लाल झालो. मग जो खोकला सुटला तो काही केल्या थांबेना.

"उचला," वसीला म्हणाली.

बाटली उचलली गेली. ती अर्धीही भरली नव्हती.

"लवकर उचललीस," बेया म्हणाली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. "अगं, खरंच म्हणतेय मी. या वेळी खरंच." तिनं दुसऱ्या बाटलीच्या तोंडाशी बोट धरलं, चाटलं. "हे तर अजून पहिलंच पाणी आहे."

वसीलानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे पुसत मान हलवत होतो, नाही, नाही. तिला कळलं. पण सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि तिच्या नाकावर माशी बसलेली तिला आजवर चालली नव्हती.

"फुलंच तेवढी आहेत," वसीला म्हणाली. "या वर्षी जोर नाही फुलात."

अल्जियाचा चेहरा उतरला. तिनं शंका घेतली नाही, तेच वाईट. "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार, लल्ला वसीला," ती म्हणाली. "त्या मुरादनं शिळी फुलं गळ्यात मारली माझ्या. लग्नघरची बाई म्हणून फसवलं. आणि वर आशीर्वाद देऊन गेला, मेला." तिनं हात पुसले, डोक्यावर चादर ओढली. "मी आत्ता जाते आणि भर बाजारात त्याची अब्रू काढते. बघते उद्यापासून त्याची फुलं कोण घेतं ते."

ती दारापर्यंत पोचली होती. मी बाजेवरून उठलोही होतो, पाठ दुखायची विसरून. पण मी काय बोलणार होतो, मलाही ठाऊक नाही.

"अल्जिया, थांब," वसीला म्हणाली. "फुलं चांगली आहेत. माझं नाक मेलंय."

अल्जिया दारातच थांबली.

"तापात गेलं. मला काहीही वास येत नाही. हा खमैस हुंगतो आणि खोकतो, मग मी उचला म्हणते. आत्ता त्याला धुराचा खोकला आला. एवढंच झालंय. मुरादला काही बोलू नकोस."

तोटीतून पाणी पडत होतं. मी बेयाकडे पाहत होतो, कारण हा दिवस यावा म्हणून तिनं किती नवस केले असतील याची मला कल्पना होती. बेया उठली. घमेल्याच्या तळाशी उरलेली मूठभर फुलं तिनं उचलली आणि वसीलाच्या नाकाशी धरली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"जरासुद्धा?"

"नाही गं, बेया."

बेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आधी तापाला शिव्या घातल्या, मग डॉक्टरला, मग मला. "आणि हा? हा खोकतो? अगं, याला स्वतःच्या घरी सोमवारी काय शिजलं ते मंगळवारी कळत नाही, आणि तू याच्या नाकावर माझ्याही घमेल्याचं पाणी तोडलंस?"

"तुझं पाणी चांगलं निघालं होतं," मी म्हणालो.

"सी खमैस," ती एकदम मानानं म्हणाली, "तुम्ही बसा. तुमची पाठ दुखतेय."

मग ती कामाला लागली. दुसऱ्या बाटलीत पडलेलं चार घोट पाणी तिनं पहिलीत ओतलं आणि पहिली पुन्हा तोटीखाली लावली. बिघडलं काहीच नव्हतं. अल्जियानं चादर उतरवली, नाक शिंकरलं आणि जाळात लाकूड सारलं. आता सगळ्या बायका बेयाकडे पाहू लागल्या. वसीला आपणहून उठली आणि तोटीपाशी असलेली चौकी तिनं बेयाकडे सरकवली. ते सरकवणं मला बघवलं नाही. मी कटोऱ्यात तोंड घातलं.

बेया ऐटीत बसली. थेंब घेतला, हुंगला. परत घेतला, परत हुंगला. बायका वाट बघत होत्या. तिनं आणखी एक थेंब घेतला आणि तिची ऐट हळूहळू गळू लागली.

"वसीला," तिनं हळूच विचारलं, "वास कमी होतोय, ते कळतंय मला. पण नेमकं कधी म्हणायचं? तू कशी ठरवायचीस?"

"खरं सांगू?"

"सांग."

"पुष्कळदा मलाही नक्की कळायचं नाही," वसीला म्हणाली. "या थेंबाला की पुढच्या, की त्याच्या पुढच्या, कुणाला ठाऊक? पण बाई, कुणीतरी ठरवल्याशिवाय बाटली उचलली जात नाही. म्हणून मी मोठ्यानं म्हणायचे. मोठ्यानं म्हटलं की मग तेच बरोबर असायचं."

आधी अल्जिया हसली. मग सगळं अंगण हसायला लागलं. बेया मात्र हसली नाही. तिनं वसीलाकडे असं पाहिलं की इतक्या वर्षांच्या भांडणांचा हिशेब ती मनात नव्याने मांडत असावी.

"मला नाही बाई तसं जमायचं," ती शेवटी म्हणाली. "माझा आवाज ऐनवेळी फुटतो. ये इकडे." तिनं चौकीवर सरकून अर्धी जागा केली. "मी हुंगते. वेळ झाली की चिमटा काढते. म्हणायचं तू."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते ठरवायला आपल्यालाच विचारायला येतील. बस."

वसीला बसली. अर्ध्या चौकीवर दोघी मावत नव्हत्या, तरी बसल्या. वसीलाची मान हळूहळू पूर्वीसारखी वर झाली. मी चित्र काढायचं सोडून बघत होतो, आणि मला इतकं बरं वाटत होतं की सिगारेटचीही आठवण झाली नाही. बेया थेंब घेत होती, डोळे मिटून हुंगत होती. बाटली गळ्यापर्यंत भरत आली. बेयानं एक शेवटचा थेंब हुंगला, डोळे उघडले, वसीलाचा दंड धरला आणि चिमटा काढला. नुसती खूण म्हणून काढायचा तसा नव्हे. गेल्या कित्येक वसंतांची सगळी थकबाकी तिनं त्या एका चिमट्यात वसूल केली.

वसीला जी ओरडली, "उचला," तसं तिचं "उचला" मी जन्मात ऐकलं नव्हतं. लिंबावरच्या चिमण्या उडाल्या. अल्जियानं बाटली उचलली. आणि भिंतीपलीकडच्या गल्लीतही बाटल्या उचलल्याचा, नव्या लावल्याचा आवाज आला. तिचं ओरडणं ऐकून तिकडच्या बायकांनीही आपापली पहिली बाटली काढली होती. त्यांची फुलं कुठली होती, किती वेळ चढली होती, अल्ला जाणे. पण त्या गल्लीतून आजवर एकही तक्रार आलेली नाही.